जळालेली लाइन

इराकच्या अमारा शहरात ऑगस्टला ऑगस्ट कुणी म्हणत नाही. 'खजूर पिकवणारी आग' म्हणतात. वर झाडाला खजूर पिकतो आणि खाली माणूस शिजतो. सरकारी पारा मात्र कधी पन्नासला शिवत नाही, कारण शिवला तर कचेऱ्यांना सुट्टी द्यावी लागेल, असं गल्लीतले लोक म्हणतात आणि हसतात. हसायला वीज लागत नाही, तेवढंच.

सरकारी वीज यायची ती पाहुण्यासारखी, आणि चहाला न थांबता जायची. मग गल्लीच्या तोंडाशी जब्बारचं जनरेटर धडधडू लागायचं. त्याच्या पत्र्याच्या टपरीतून घराघरांत तारा गेलेल्या, ज्याची जशी ऐपत तशी त्याची लाइन. इंतिसारची लाइन दणकट होती. नवरा आणि मुलगा यासर दोघंही बसऱ्याकडे तेलाच्या विहिरींवर कामाला. महिन्यातले थोडे दिवस घरी, बाकी ही एकटी. पण आतल्या खोलीतला एसी दिवसभर चालायचा. समोरच्या रसमियाची लाइन एवढीशी. पंखा लावला की दिवा दमायचा आणि दिवा लावला की पंखा.

आणि गल्लीचा रिवाज असा की ज्याच्या घरी गारवा, त्याच्या घरी दुपार. विचारायचं नाही. पडदा सारायचा, सलाम म्हणायचा, भिंतीला टेकून बसायचं. "सावली मागायला लागली तर तो शेजारी कसला?" असं रसमियाचा नवरा, हज्जी चलूब, म्हणायचा. त्याला म्हणायला काय जातं, असं इंतिसारला हल्ली वाटू लागलं होतं.

कारण जूनपासून दर दुपारी दोघं हजर. हज्जीचं काळीज कमजोर झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, याला ऊन बाधेल, गारव्यात ठेवा. गारवा काय औषधाच्या दुकानात मिळतो? तो इंतिसारच्या खोलीत होता. हज्जी पूर्वीचा दलदलीतला माणूस, म्हशी पाळणारा. पाणी आटलं, म्हशी विकल्या आणि शहरात आला. पण त्याच्या बोलण्यातली म्हैस काही विकली गेली नाही. रोज दुपारी तीच गोष्ट: त्याची सबहा नावाची म्हैस गळ्यापर्यंत पाण्यात बसायची, आणि बोलावल्याशिवाय बाहेर यायची नाही. मग तो घोरायचा. रसमिया भेंडीच्या कालवणात चिंच कमी पडली, पडदे धुवायला झाले, यासरचं लग्न कधी, हे सगळं एका दमात काढायची.

तेही चाललं असतं. खरा सल वेगळाच होता. परपुरुष घरात, म्हणून इंतिसारला स्वतःच्या घरात, स्वतःच्या गार खोलीत, डोकं झाकून, लांब बाह्यांच्या झग्यात, पाय पोटाशी घेऊन बसावं लागायचं. एकदा, फक्त एकदा, केस मोकळे सोडून, पातळ गाउन घालून, चटईवर हातपाय ताणून पडावं, एवढीच तिची इच्छा. इच्छा लहान होती. तिच्यापायी जे झालं ते लहान नव्हतं.

त्या दिवशी तिनं केस धुतले होते आणि डोकं ठणकत होतं. एसीसमोर ती आडवी झाली, आणि गल्लीतून रसमियाच्या चपलांचा आवाज आला. फट् फट्. इंतिसार उठली आणि बंद फाटकाआडूनच ओरडली:

"खाला, आज येऊ नका! माझी लाइन जळाली!"

कसं सुचलं ते तिचं तिलाही कळलं नाही. जणू जिभेवर बसूनच होतं.

"या अल्ला!" पलीकडून रसमिया म्हणाली. "कधी?"

"मघाशी. जळका वास आला आणि बंद. घराचा तंदूर झालाय नुसता."

"मग तू काय करतेयस आत? भाकरी आहेस का तू भाजून घ्यायला? चल आमच्याकडे. पंखा तरी आहे."

"नको खाला. डोकं दुखतंय. ओलं फडकं घेऊन पडते."

रसमिया क्षणभर थांबली. "फाटक उघड, बघू दे तरी तुला."

"कपडे नाहीत अंगावर धड," इंतिसार म्हणाली, आणि त्या सगळ्या बोलण्यात डोकेदुखीखेरीज एवढं एकच वाक्य खरं होतं.

चपला परत गेल्या. इंतिसारनं हुश्श केलं. दाराच्या फटीला कांबळं लावलं, एसी आणखी गार केला आणि पडली. तोच पुन्हा फट् फट्. फाटकाच्या कडीला काहीतरी अडकवल्याचा आवाज, आणि रसमियाचा आवाज, "यासरच्या आई, बर्फ ठेवलाय गं. वितळायच्या आत घे. मानेवर धर."

तिनं हात तेवढा बाहेर काढून पिशवी आत घेतली. गोणपाटात गुंडाळलेला लादीचा तुकडा. सकाळी बर्फाच्या गाडीवर रसमिया एकच तुकडा घ्यायची, हज्जीच्या पाण्यासाठी. तो निम्मा केलेला नव्हता, अख्खा होता. इंतिसारनं तो फ्रिजमध्ये टाकला आणि फ्रिजचं दार जरा जोरातच लावलं. देणाऱ्याचा राग येतो माणसाला कधीकधी. का येतो ते ठाऊक असतं, म्हणून जास्त येतो.

मनाजोगती दुपार मिळाली होती. केस मोकळे, पाय ताणलेले, खोली अशी गार की पांघरूण घ्यावं. झोप काही येईना. संध्याकाळी लाइन दुरुस्त झाली म्हणून सांगू, असं तिनं ठरवलं. मग वाटलं, एक दुपार तर आहे. कुणी मरत नाही एका दुपारीत. आणि 'मरत' हा शब्द मनात आला तशी ती कुशीवर वळली.

आता त्या गल्लीत एखाद्याची लाइन जळणं म्हणजे एकट्याचं दुखणं नव्हे, हे तिला कळायला हवं होतं. जन्म तिथंच गेला होता तिचा. ताप आलाय म्हणाली असती, पाहुणे यायचेत म्हणाली असती, तर लोक गप्प बसले असते. पण लाइन जळाली म्हटल्यावर कुणी स्वस्थ बसतं का? डोळा लागतो न लागतो तोच फाटक धडधडलं.

"यासरच्या आई! उघड! जब्बारला आणलाय!"

इंतिसार ताडकन उठून बसली. जब्बार दुपारी फोन बंद करून झोपतो, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणजे ही म्हातारी टळटळीत उन्हात चालत गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती, आणि त्याला उठवून घेऊन आली होती. एसी बंद करावा म्हणून इंतिसारनं बटण दाबलं. झगा चढवला, डोकं झाकलं. कांबळं ओढून काढलं. अंगण ओलांडून फाटक उघडलं तेव्हा तिच्यामागे खोलीचं दार उघडंच राहिलं.

रसमियाचा चेहरा विटेसारखा लाल झाला होता. ओठ पांढरे पडलेले. खांद्यावर ओलं करून घेतलेलं फडकं, तेही वाळून कडक झालेलं. जब्बार हातात पक्कड घेऊन, झोपमोड झाल्याच्या रागात उभा.

"मी सांगतोय खालांना केव्हाचं," तो म्हणाला, "तुमची लाइन माझ्याकडे धडधडीत चालू दिसतेय. पण ऐकतील तर ना! म्हणतात, यासरची आई खोटं बोलेल का? तुझी मीटरची पेटीच खोटं बोलत असेल."

असं म्हणत तो दारापाशी गेला, आणि थांबला. खोलीतला गारवा बाहेर येत होता. तो तर काही बटण दाबल्यानं लगेच लपत नाही. रसमिया त्याच्या मागेच होती. तिच्या भाजलेल्या चेहऱ्यावर तो गारवा आला, आणि तिनं क्षणभर डोळे मिटले. इंतिसारनं ते पाहिलं. बाहेरच्या भिंतीवर एसीच्या नळीतून पाणी टपटपत होतं. खाली डबडं ठेवलेलं होतं, चिमण्यांसाठी. ते रसमियानंच जूनमध्ये ठेवलं होतं. डबडं काठोकाठ भरलं होतं.

धरणीनं पोटात घ्यावं असं माणसं म्हणतात. त्या दुपारी धरणीही एवढी तापली होती की तिनंही घेतलं नसतं.

जब्बारनं तोंड उघडलं. पण आधी बोलली ती रसमिया.

"आली वाटतं लाइन! बघ, आपण येईपर्यंत आली. ही पडली होती डोकं धरून, हिला काय कळणार? जा रे बाबा, झोप तू. उगाच उठवलं तुला."

"पण खाला..."

"जा म्हटलं ना!"

जब्बार गेला. इंतिसारच्या दिशेनं त्यानं एकदा पाहिलं, ते बघणं ती आयुष्यभर विसरायची नाही. रसमियानं मात्र तिच्याकडे पाहिलंच नाही. ती फाटकाकडे वळली.

"खाला, या ना आत," इंतिसार म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "बसा. पाणी देते."

"नको. हज्जी एकटाच आहे. ओली चादर टाकून आलेय अंगावर, ती वाळली असेल."

ती गल्ली ओलांडून गेली. आणि पुढच्याच क्षणी तिची हाक आली. हाक कसली, किंकाळीच.

इंतिसार धावली. चप्पल घालायचं भान राहिलं नाही. गल्लीतल्या डांबरानं तळवे चरचरले, ते तिला नंतर कळलं. हज्जी चटईवर पडला होता. वर पंखा फिरत होता, आणि गरम हवाच ढवळून त्याच्यावर ओतत होता. चादर पापडासारखी वाळलेली. अंगाला हात लावला तर चटका बसला, घामाचा मात्र थेंब नाही. डोळे अर्धवट उघडे.

"सबहा," तो पुटपुटत होता. "बाहेर नको येऊ गं. ऊन आहे. पाण्यातच बस."

रसमियानं नळ सोडला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी उकळतं आलं, हात धरवेना.

"बर्फ!" ती म्हणाली, आणि थबकली. बर्फ घरात नव्हता. कुठं होता ते दोघींनाही ठाऊक होतं.

इंतिसार तशीच परत धावली. फ्रिज उघडला. गोणपाटासकट तो तुकडा छातीशी धरून आणला, अख्खाच्या अख्खा, एक थेंबही न वापरलेला. तो तसा अख्खा रसमियाच्या हातात देताना तिला वाटलं, यापेक्षा हिनं थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. रसमियानं तो उंबऱ्यावर आपटून फोडला. मानेखाली, काखेत, पायांपाशी तुकडे लावले. मग दोघींनी हज्जीला चटईसकट उचललं आणि ओढत, धरत, गल्लीपार इंतिसारच्या खोलीत आणलं. एसीचं बटण इंतिसारनं दाबलं. तो लगेच सुरू झाला. का होणार नाही?

तिन्हीसांजेला हज्जीनं डोळे नीट उघडले आणि पाणी मागितलं. रसमिया भिंतीला डोकं टेकून रडली, आवाज न करता. इंतिसार तिच्याजवळ सरकली.

"खाला, ती लाइन..."

"जब्बारनं बघितली ना?" रसमिया डोळे पुसत म्हणाली. "मग झालं."

तो विषय तिनं एवढ्यावरच मिटवला. पण हज्जी कुठला मिटवतोय! त्याला बरं वाटू लागलं तसं म्हशीची गोष्ट मागे पडली आणि नवी सुरू झाली. विचारपूस करायला येईल त्याला तो सांगायचा, "यासरच्या आईची लाइन जळालेली. पोर स्वतः भाजत होती. आम्ही दिलेल्या बर्फाला हातसुद्धा लावला नाही तिनं, माझ्यासाठी राखून ठेवला! आणि उन्हातनं अनवाणी धावली. बघा, तळवे बघा तिचे!" इंतिसारच्या तळव्यांना फोड आले होते. बायका कुणी दही, कुणी मलम घेऊन आल्या. "लेकरासारखं केलंस गं," म्हणाल्या. इंतिसार मान खाली घालून बसली, तर त्यांना तो विनय वाटला. जब्बार एकदा दारावरून गेला आणि खोकला. रसमिया कोपऱ्यात बसून काकड्या सोलत होती. तिनं सालसुद्धा तुटू दिलं नाही.

असं वाटेल की रसमियानं येणं सोडलं. नाही सोडलं. हज्जीचं काळीज पूर्वीपेक्षा कमजोर झालं होतं. मान ताठ ठेवायला माणसाकडे गारवा लागतो, आणि तो तिच्याकडे नव्हता. ती रोज दुपारी यायची, हज्जीला धरून. बोलायचीही, पूर्वीसारखंच, चिंच कमी पडली म्हणून. फक्त एक गोष्ट नवीन झाली.

पडदा सारायच्या आधी ती उंबऱ्याबाहेर, उन्हात, थांबायची. आणि हाक द्यायची:

"यासरच्या आई, आज लाइन आहे का गं?"

टोमणा नसायचा तो. टोमणा असता तर इंतिसारनं आनंदानं झेलला असता. शेजारणीनं कणीक उसनी मागावी तसा साधा, सरळ आवाज. पस्तीस वर्षांच्या शेजारात तिनं कधी विचारलं नव्हतं. आता रोज विचारायची, आणि उत्तर येईपर्यंत हज्जीला धरून उन्हात उभी राहायची.

इंतिसारनं काय काय केलं! वेळेआधी फाटक उघडून ठेवलं. मग पडदाच काढून टाकला. एके दिवशी तर दार सताड उघडं ठेवून ती स्वतः डोकं झाकून उंबऱ्यात उभी राहिली. खोलीतला सगळा गारवा तिच्या पायांवरून गल्लीत वाहून चालला होता. चपला वाजल्या, फट् फट्. रसमिया आली. गारवा तिच्या पावलांना लागत होता, एसीचा आवाज ऐकू येत होता, नळीचं पाणी डबड्यात पडत होतं.

ती उंबऱ्यापाशी थांबली. हज्जीला सावरून धरलं. आणि इंतिसारच्या डोळ्यांत बघून तिनं विचारलं,

"आज लाइन आहे का गं?"