सुटलेला माळा

गणना कधीच उरकली होती, तरी बेहड्यावरचं मचाण अजून जागच्या जागी होतं.

बुद्धपौर्णिमेला जनावरं मोजण्यासाठी ते बांधलं, तेव्हा जांभूळदऱ्याच्या वनसमितीत क्रांतीनंच अटी मांडल्या होत्या. मचाण काथ्याच्या दोरीनं बांधायचं, झाडाला खिळा मारायचा नाही, मोजणी झाली की दुसऱ्या दिवशी उतरवायचं. वाटेवरच्या खुणा चुन्याच्या, त्याही दगडांवर आणि टेकाडापर्यंतच. टेकाडापलीकडं पाणवठा होता. वैशाखात सगळ्या डोंगरावर तेवढंच पाणी उरायचं. तिथं माणसाची वर्दळ वाढली, की जनावरं तहानेनं खाली उसाकडं उतरायची. या अटी पाळल्या जातील, असा शब्द तिनं वनरक्षक रसूल मुलाणींना दिला होता.

आता चुन्याचे ठिपके संपत होते तिथूनच तांबड्या ऑइलपेंटचे बाण सुरू झाले होते. थेट झाडांच्या खोडांवर आणि थेट पाण्यापर्यंत. मचाणाच्या दोऱ्या गायब होत्या आणि फळ्या बोटाएवढ्या खिळ्यांनी ठोकल्या होत्या. खिळ्यांच्या खालून डिंक ओघळून वाळला होता. शिडी चढून क्रांतीनं वर पाहिलं. भोवती हिरवं कापड लावलं होतं आणि बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर त्याला एक आडवी फट कापली होती. खाली पाण्याच्या कडेला मक्याचे दाणे पसरले होते. तिनं प्राणिशास्त्रात एमएस्सी केलं होतं, पण हे कळायला त्याची गरज नव्हती. मोजायला बसणारा माणूस मका टाकत नाही.

हे काम तिचा चुलतभाऊ वीरधवल याचं होतं. फौजेतून निवृत्त होऊन तो नुकताच गावात राहायला आला होता. तिनं घरी जाऊन विचारलं तेव्हा आधी त्यानं पर्यटकांचं नाव सांगितलं. मग म्हणाला, इस्लामपूरचे दोघं जण आज दिवस कलताना येणार आहेत, डुकरांचा बंदोबस्त करायला.

"तू मोजत बस," तो हसत म्हणाला. "आमी कमी करतो. म्हंजे तुझा हिशोब सोपा हुईल."

तिनं रसूलभाईंना फोन लावला. ते पाटणच्या अंगाला वणवा विझवत होते. वर कळवतो म्हणाले, पण आज तिकडून कुणी पोचेल याची खात्री त्यांना देता येईना. एकटीनं काही करू नका, असंही त्यांनी बजावलं.

मग ती समितीच्या अध्यक्षांकडं, आकारामतात्यांकडं गेली. तात्या ओट्यावर ठिबकची नळी साफ करत बसले होते. डुकरांनी त्यांचा ओढ्याकाठचा ऊस पार लोळवला होता. क्रांतीनं शांतपणे सगळं मांडलं. बार उडाला की सांबर, भेकर सगळीच पाणी सोडणार, आणि मग ती जाणार कुठं, तर याच उसात. तात्यांनी नळीत फुंकर मारली.

"तू शिकलेली हायेस, तुला जनावर दिसतंय. मला आडवा झालेला ऊस दिसतोय. मचाण ऱ्हाईल."

"न्हाई ऱ्हाणार, तात्या," ती म्हणाली आणि उठली.

दुपारच्या उन्हात ती डोंगर चढली ती बादलीभर ओली माती, दोर आणि खिळे उपटायची हातोडी घेऊन. बाण खरवडले असते तर सालीही निघाल्या असत्या, म्हणून एकेका बाणावर तिनं मातीचा जाड लपका दिला. मचाणावर पोचताच आधी कमरेचा सुरक्षापट्टा खोडाला बांधला, मग बादलीतली हातोडी दोरानं वर ओढून घेतली आणि शेवटी शिडीही. खिळे करकरत निघाले. फळ्या सैल करून तिनं तशाच ठेवल्या आणि स्वतः फांदीच्या बेचक्यात बसून राहिली. ती वाट पाहत होती.

पाण्याचा कॅन घेऊन वीरधवल आला. मागून तात्याही आले; तिचं 'न्हाई ऱ्हाणार' ऐकून ते येणार, हे तिनं धरलंच होतं. वर बघून वीरधवलचा चेहरा उतरला.

"शिडी सोड, क्रांते."

तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. एक फळी उचलून दोन्ही हातांनी कडेबाहेर धरली.

"तात्या, माळा सुटला. घ्या."

जांभूळदऱ्यात शाळवाच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, रानात राखणीचा माळा घालतात. खळं झालं की तो उतरवतात. एकदा त्याची पहिली फळी सुटली, की मग त्यावर कुणी पाय ठेवायचा नाही, आणि फळी भुईला लागू द्यायची नाही. खाली जो उभा असेल त्यानं ती हातावर घ्यायची, मग वैरी का असेना. दाण्यांची राखण केलेलं लाकूड मातीत आपटलं तर पुढचा शाळू पोसत नाही, असं मानतात. क्रांती हे मानत नव्हती. पण तात्यांनी तिच्या वडिलांबरोबर उभ्या आयुष्यात किती माळे उतरवले होते, ते तिला माहीत होतं.

"आवं तात्या, हे काय शाळवाचं रान हाय व्हय?" वीरधवल म्हणाला आणि खोडाला मिठी मारून वर सरकू लागला.

फळी अजून कडेबाहेरच होती. क्रांतीचे दंड भरून आले होते, पण ती मागं घेत नव्हती.

"उतर खाली, वीर," तात्या शेवटी म्हणाले.

"तात्या, पाव्हणं येतील आता."

"सुटलेल्या माळ्यावर चढाय मी तुझ्या आज्ज्याला बी दिलं न्हवतं. उतर."

वीरधवल उतरला. तात्या झाडाखाली आले, टोपी खिशात कोंबली आणि त्यांनी हात वर केले.

"लय लबाड हायेस," ते वर बघून म्हणाले. "माझ्या उसाचं काय?"

"त्याला कुंपण घालू. राखणीला मी येती. हितं बंदूक न्हाई."

"मी हो म्हणालो न्हाई अजून."

"मग न्हाई म्हणत म्हणत घ्या."

क्रांतीनं सोडलेली फळी जड होती. तात्यांचे गुडघे वाकले, पण फळी भुईला लागली नाही. त्यांनी ती जपून कॅनवर टेकवली.

खाली रस्त्यावर हॉर्न वाजला. वीरधवलनं वाटेकडं पाहिलं, मग झाडांकडं.

"बाण कुठं गेले?"

"मातीखाली," क्रांती म्हणाली. "चुना टेकाडापर्यंत आणंल त्यांना. तिथून गाव लय छान दिसतं."

हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. खाली जाऊन पाहुण्यांना गाठावं की इथंच थांबावं, हे वीरधवलला ठरवता येईना. तात्यांनी त्याच्याकडं न बघताच त्याला खांद्यानं ढोसलं.

"हुबा काय ऱ्हातोस? फळी लांब हाय. दुसरं टोक धर."

क्रांतीनं दुसरी फळी कडेबाहेर धरली.