नणंदबाईंची शाल

पंप आणि पंखे दुरुस्त करण्यात मेकॅनिकची चाळीस वर्षं गेली, पण घरातल्या यंत्रांना नाती लावली ती त्याच्या बायकोने. कुरकुरणारा फ्रिज म्हणजे मामंजी. कामाला लागली की घर डोक्यावर घेणारी कपड्यांची मशीन म्हणजे धाकटी जाऊ. पुढे बायकोची फुप्फुसं थकली, ऑक्सिजनचं मशीन उशाशी आलं, आणि तिने त्याला नणंदबाई करून टाकलं. न बोलावता आल्या, दिवसभर तोंड चालू, आणि त्यांच्यावाचून पान हलत नाही, असं ती म्हणाली. मेकॅनिक पोट धरून हसला. हसण्यासारखं त्या घरात तेवढंच उरलं होतं.

थंडी पडली तशी तिने आपली शाल नणंदबाईंच्या अंगावर घातली. माहेरवाशिणीला काय कुडकुडत ठेवायचं? मशीनच्या हवेच्या जाळ्या झाकता म्हणून मेकॅनिकने आयुष्यभर गिऱ्हाइकांना फैलावर घेतलं होतं. बायकोला मात्र तो एका शब्दाने बोलला नाही. शाल नीट करताना तिचा चेहरा पूर्वीसारखा व्हायचा, आणि तेवढ्यासाठी तो आसुसलेला असायचा.

मंगळवारी दुपारी नणंदबाई किंचाळायला लागल्या.

"रुसल्यात," बायको धापा टाकत म्हणाली. "येतील ताळ्यावर."

घरातला रिवाजच तो. रुसलेल्याच्या वाटेला जायचं नाही. मामंजीसुद्धा घटकाभराने आपले आपण सुरळीत व्हायचे. तो चहा टाकायला गेला. कप घेऊन परतला तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. त्याने शाल ओढून काढली, तर मशीन तव्यासारखं तापून बंद पडलेलं. जरा वेळाने ते निवलं आणि पुन्हा छान चालू लागलं. बायकोने डोळे उघडले नाहीत.

तसेही थोडेच दिवस होते, असं डॉक्टर म्हणाले. मेकॅनिकने मान डोलावली. ते थोडे दिवस त्याला हवे होते.

संध्याकाळी मुलगी आली, रडून रडून थकली. मशीन अजून चालूच होतं. ते बंद करायला मेकॅनिकचा हात उठत नव्हता. जमिनीवर पडलेली शाल तिने उचलली, आईसारखीच झटकली आणि मशीनवर पांघरली.

"आत्याला थंडी वाजत असेल," ती म्हणाली.

"काढ ती शाल," मेकॅनिक म्हणाला. "श्वास कोंडतो तिचा."

मुलीचा हात शालीवरच थांबला. तिने बापाकडे पाहिलं, आणि त्याने मान खाली घातली.