एक्केचाळीस पॉझिटिव्ह आणि निर्जंतुकराव

लिम्फोमा म्हणजे रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. काही लिम्फोमांमागे एका विषाणूचा हात असतो. तो थुंकीतून पसरतो आणि एकदा आत शिरला की जन्मभर मुक्काम ठोकतो. बहुतेकांना काही करत नाही. क्वचित एखाद्या पेशीच्या कानात मात्र असं काही फुंकतो, की ती वाढतच सुटते.

हे कसं होतं ते बघायला प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाईंना हा विषाणू कधीच न शिवलेलं रक्त हवं होतं. संध्याकाळपर्यंत मिळालं नाही तर प्रयोगच बंद.

एक्केचाळीस जण तपासले, एक्केचाळीस पॉझिटिव्ह. शिपाई तर रुसलाच.

"मला कधी साधी शिंक आली नाही, बाई."

"लहानपणीच येऊन बसला असेल, काका. कळतसुद्धा नाही."

बेचाळिसावे स्टोअरकीपर. स्वतःचा कप कुलपात ठेवणारे, कुणी टोपण चावलं असेल म्हणून पेन धुणारे. सगळे त्यांना निर्जंतुकराव म्हणत. रिपोर्ट निगेटिव्ह. बाई खुर्चीतून उडाल्याच.

घोटाळा एवढाच, की रक्त काढायचं काम निर्जंतुकरावांच्या बायकोकडे होतं, आणि एक्केचाळिसांत ती पहिली. तिनं रिपोर्ट दोनदा वाचला. सुई खाली ठेवली.

"वीस वर्षांचा संसार, आणि निगेटिव्ह?"

खोलीतले सगळे छताकडे बघायला लागले.

"अगं, मला सर्दी असायची."

"वीस वर्षं?"

"मधेमधे तुलाही असायची."

तिनं आपला अर्धा प्यालेला चहा पुढे सरकवला. "अहो, हा उष्टा चहा प्या. मग सुई."

"वहिनी, आधी सुई," बाई काकुळतीला आल्या.

"आधी चहा."

"बरं, विषाणू रक्तात सापडायला आठवडे लागतात. दोन्ही एकदमच उरका ना."

तसंच ठरलं. डाव्या हातात सुई, उजव्या हातात कप. निर्जंतुकरावांनी डोळे मिटून घोट घेतला. पहिली ट्यूब भरली.

"साखर नाही यात."

"वीस वर्षं बिनसाखरेचाच पिते मी," ती ट्यूब बदलत म्हणाली. "हात हलवू नका."

तिसरी ट्यूब भरताच बाई तिन्ही छातीशी धरून आत पळाल्या. शिपाई कप उचलायला गेला, तर निर्जंतुकराव सोडेनात.

"थांब रे," ते म्हणाले, "अजून आहे त्यात."