डाव्या सीटवरचे काका

विलास भंगाळे गेले, त्यांचं तेरावं झालं, आणि पुढच्या रविवारी सिल्वासातल्या त्यांच्या सोसायटीनं खाली पार्किंगमध्ये शोकसभा ठेवली. पंधरावीस माणसं येतील असं त्यांच्या मुलीला, अपर्णाला, वाटलं होतं. आली ती इतकी की खुर्च्या संपल्या, लोक जिन्यावर बसले. कुणी गुजरातीत बोललं, कुणी मराठीत, कुणी हिंदीत. पण सांगणं एकच होतं, काकांनी आमच्या घरच्या बाईला गाडी शिकवली.

भंगाळे मूळचे जळगावकडचे. राखोलीच्या एका धाग्याच्या कंपनीत मेंटेनन्सला होते. निवृत्तीनंतर गावी जाऊन शेत बघतील असं सगळे धरून चालले होते, तर यांनी भलतंच मनावर घेतलं. सोसायटीतल्या बायकांना मोटार चालवायला शिकवू लागले. रविवारी सकाळी कारखान्यांकडचे रस्ते मोकळे असत. तिथं आपली जुनी गाडी न्यायची, शिकणारीच्या हाती स्टिअरिंग द्यायचं आणि आपण डावीकडे मांडीवर हात ठेवून बसायचं. गाडी गटाराकडे निघाली तरी हात मांडीवरच. नवरेमंडळींनी आधी थट्टा केली. तेव्हा ते एवढंच म्हणाले, की तुम्ही शिफ्टला असता, घरी कुणाला काही झालं तर बायकोनं रिक्षा शोधत फिरायचं का?

सभेत झाडून सगळे बोलले. बोलली नाही ती समोरच्या दारातली शीतलबेन. मागं खांबाला टेकून उभी होती आणि सभा उठायच्या आधीच वर निघून गेली. अपर्णाला ते खटकलं. बाबांच्या छातीत कळ आली त्या सकाळी त्यांना त्यांच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं होतं ते शीतलबेननंच. तिचा नवरा तुषारभाई तेव्हा कारखान्यात होता.

अपर्णानं आईला विचारलं. रजनीताई म्हणाल्या, त्या दिवसापासून ती गाडीला हातच लावत नाही. भाजीला जाते तीसुद्धा पायी. विचारलं तर डोळ्यांत पाणी आणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अपर्णा समोरच्या घरी गेली. शीतलबेननं चहा टाकला आणि कपबशी पुढ्यात ठेवली. मग तिच्या त्या गुजराती वळणाच्या मराठीत तिनं सांगून टाकलं.

"किलवणी नाक्यावर ट्रक आडवा आला. माझा पाय सुटला, गाडी बंद. चालू केली, परत बंद. मागून हॉर्नवर हॉर्न. माझ्यामुळे टाइम गेला, अपर्णाबेन. नाहीतर काका आज असते."

"बाबा काय म्हणाले तेव्हा?"

"छाती धरून बसले होते. घामानं शर्ट भिजलेला. म्हणाले, क्लच पूर्ण दाब, बेटा. मला काही घाई नाही."

अपर्णानं कप खाली ठेवला. तिला आपल्या बापाचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. जीव जात असलेला माणूस समोरच्या घाबरलेल्या बाईला धीर देत होता, आणि तोही तिला शिकवता शिकवता. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण मान ताठ झाली.

मग तिनं डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं. हृदय आधीच फार थकलेलं होतं. नाक्यावर गेलेल्या मिनिटांनी काही बिघडलं नव्हतं. उलट वेळेवर आणलं म्हणून पुढचा दिवस मिळाला.

"त्या एका दिवसात मी पुण्याहून पोचले, शीतलबेन. बाबा माझ्याशी बोलले. आणि काय बोलले माहितीये? शीतलनं आणलं मला. नाक्यातून एकटीनं गाडी काढली. नर्सलाही तेच सांगत होते, माझी विद्यार्थिनी आहे म्हणून. मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलताहेत. मी ऐकूनही घेतलं नाही नीट."

शीतलबेन मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून पोटभर रडली. अपर्णा तिच्या शेजारी फरशीवरच बसून राहिली. चहा निवून गेला.

निघायच्या दिवशी तुषारभाई घरी होते, वापी स्टेशनला सोडतो म्हणाले. अपर्णा म्हणाली, मला शीतलबेनच सोडतील. शीतलबेननं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, मग किल्लीसाठी हात पुढे केला. रजनीताई मागं बसल्या, अपर्णा डावीकडे. वापीच्या रस्त्याला कंटेनरची रांग लागलेली होती. शीतलबेन सुरुवातीला दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून बसली होती. दादरा मागं पडलं तशी ती सैल झाली, रजनीताईंशी कैरीच्या लोणच्याबद्दल बोलू लागली, आणि बोलता बोलताच एक लांबलचक ट्रेलर तिनं सहज मागं टाकला.

वापीहून रेल्वे सुटल्यावर समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, सोडायला आल्या होत्या त्या बहीण का तुमच्या?

"नाही," अपर्णा म्हणाली, "माझ्या वडिलांची विद्यार्थिनी."

वडील मास्तर होते का, असं त्या बाईंनी विचारलं. अपर्णा हसली, पाय वर घेऊन नीट बसली आणि सांगायला लागली. डहाणू आलं तरी तिचं सांगून झालं नव्हतं.