प्रणालीच्या झाडांना पाणी

माझी धाकटी जाऊ प्रणाली हिच्या हाताला यश आहे, असं अख्खी मोर्शी म्हणते. ऐकून ऐकून माझे कान किटले. सासऱ्यांनी संत्र्याची बाग दोन्ही भावांत सारखी वाटली. माती एक, विहीर एक. पण गेल्या उपकारस्तुतीच्या सणाला, नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानतात तेव्हा, पाळकसाहेबांनी चर्चमध्ये उचलून दाखवलं ते संत्रं तिचं. माझी टोपली खाली पायरीशी, भोपळ्याच्या मागे. मी टाळ्या वाजवल्या. पोटात नुसती आग.

डिसेंबरात आम्ही झाडांना ताण देतो. महिनाभर पाण्याचा थेंब नाही, तेव्हा कुठे झाड जानेवारीच्या पाण्यावर फुलतं. मध्येच पाणी मिळालं तर पालवी फुटते, फूल नाही. हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी प्रणाली नवऱ्यासोबत माहेरी अकोल्याला गेली आणि भर दुपारी मी तिच्या भागाच्या पाण्याचा कॉक उघडला.

फेब्रुवारीत माझी बाग घमघमली. तिची नुसती हिरवीगार. वाटलं होतं, आता जीव थंड होईल. कसला होतो!

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्याआधी पाळकसाहेब नेमाने सांगतात, कुणाशी वाकडं असेल तर आधी समेट करा, मग भाकर घ्या. जानेवारीपासून चारदा मी भाकरीचं ताट तसंच पुढे सरकवलं. घरी गुडघे टेकून रडले, देवा क्षमा कर म्हटलं. पण भाकरीला हात लावायची हिंमत होईना. तिला सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. आणि ती शेजारी बसून दर वेळी निवांत भाकर घ्यायची. तिचं काय, तिच्या मनात पाप नाही! मला त्याचाही हेवा वाटे.

मे महिन्यात शेवटी चर्चच्या दारातच तिला अडवलं.

"प्रणाली, ताणात तुह्या झाडायले पाणी मी सोडलं होतं. मले माफ कर."

"मले मालूम हाये, ताई," ती चप्पल काढता काढता म्हणाली. "अकोल्याहून आली तवाच जमीन ओली दिसली. कॉक बंद कराले भुलल्या तुमी."

"मंग बोलली काहून नाई?"

"लय रडली. मंग माफ करून टाकलं. नाई तं मी तरी भाकर कशी घेतली असती?"

माझा हात धरून तिने मला आत नेलं.

म्हणजे मी चार महिने जळत होते आणि हिने जानेवारीतच माफ करून टाकलं! फळांत पुढे ती, माफीतही पुढे तीच.

ताट आलं. मी भाकर उचलली. शेजारी प्रणाली डोळे मिटून बसली होती, चेहरा अगदी शांत, आणि माझ्या पोटात पुन्हा भडका उडाला.

"प्रभू," मी मनात म्हटलं, "हेही क्षमा कर. पण हे तिला सांगायला लावू नकोस."

आणि भाकर खाल्ली.