चुंबळ

दानेश्वरीची चुंबळ पुन्हा बसली.

डोक्यावर घागर ठेवायला कापडाची करतात तसली, पण ही चुंबळ कॉम्प्युटरातली. दूरच्या दीर्घिकेच्या पोटात कृष्णविवर, आणि त्याला वेढून वायू-धुळीचं जाडजूड कडं. खऱ्या आकाशात ते फुगलेलं असतं, आतला झगमगाटही झाकून टाकतं. दानेश्वरीच्या गणितात मात्र ते बघता बघता चपटं होई. पीएच.डी.च्या सरांचा निरोप आला होता, या महिन्यात उभं राहिलं नाही तर विषय बदलू. एवढ्या वर्षांचं काम पाण्यात जायचं, आणि हाताशी वेळ काय, तर लेकीची झोप.

"बसली काय गं चुंबळ?" सासूबाईंनी, मल्लव्वांनी, दारातूनच विचारलं.

"पार भाकरी झाली, अव्वा."

"मग आमटी आणू संगट?"

कबनूरचं घर. भिंतीपलीकडे घरचेच माग. त्यांच्या खडखडाटात पोर गाढ झोपायची. शांत झालं की दचकून उठायची. मागवाल्यांचीच ती!

दुपारी लाईट गेली. माग थांबले, कॉम्प्युटर थांबला आणि पाळण्यातून भोकाड निघालं.

"झाला तुझा अभ्यास!" अव्वा म्हणाल्या.

दानेश्वरी पोरीला काखेत घेऊन कारखान्यात गेली, मागोमाग अव्वाही. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप आली होती, आणि तिच्यात कापसाचा तूस तरंगत होता. पोर रडायची थांबली, मूठ पसरून तो धरू लागली. हळूहळू तूस मागांवर बसला, फरशीवर बसला, पोरीच्या जावळावर बसला. तिरीप रिकामी झाली. पोरीचा ओठ पुन्हा वाकडा झाला.

तेवढ्यात लाईट आली. मागांचे धोटे आपटू लागले आणि बसलेला तूस उसळून वर आला. पोर खुदकन हसली.

दानेश्वरी तशीच उभी राहिली. आपण कडं एकदाच फुगवून सोडून देतोय. सोडलं की ते बसणारच! वर राहायचं तर कुणीतरी सारखं हलवत राहायला हवं. कड्यात तारे जन्मतात, फुटतात. एकाचा हादरा विरतोय तोवर दुसरा. किरकोळ समजून तिनं ते स्फोट गणितात घेतलेच नव्हते.

"अव्वा, हिला घ्या की जरा."

"घ्यायचं काय? झोपली की ती तुझ्याच खांद्यावर!"

त्या खडखडाटात ती कामाला बसली.

शनिवारी गणित पुरं झालं. पडद्यावर कडं होतं. कुठं गुठळ्या, कुठं विरलेलं, पण जाड. अव्वांनी डोळे बारीक केले.

"फाटकी हाय की गं."

"फाटकीच असती, अव्वा. पण बसली न्हाय."

"मग पेलंल घागर," अव्वा म्हणाल्या आणि झोपलेल्या पोरीच्या जावळातला तूस निवडत बसल्या.