उघडण्याआधीच्या हाका

मी एक डिरेक्टिव्ह बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका. मलाही ते जरा जडच वाटतं. वेब पानावरच्या एखाद्या चौकटीला चिकटवलेली चिमूटभर जादा अक्कल, एवढाच मी. तीही पुरेशी आहे का, याची मला कायम शंका.

नाशिकच्या एका रेशीम विकणाऱ्या छोट्या ऑफिसात सायलीने मला लिहिलं. येवल्याचे पैठणी विणणारे नवनाथकाका रेशमाची मागणी वहीत लिहून पाठवतात. ती मोबाइलवरून यावी म्हणून तिने फॉर्म केला. काकांची नजर अधू. पान उघडताच पहिली चौकट पिवळी करून दाखवायची, हे माझं काम. मात्र मी आपणहून काही करत नाही. पानाचा कारभारी असतो, त्याला कंपोनंट म्हणतात. त्याने हाक मारली की मी हलतो.

त्याने हाक मारली आणि पान लाल अक्षरांत म्हणालं, असा कोणी इथे नाही. मलाही वाटलं, खरंच नसेन.

सायलीचा सहकारी शेखर म्हणाला, "उडव ते. उद्या काका येतायत. ही लाल अक्षरं दिसली तर ते वहीच धरून बसतील."

"सकाळी एकदा बघते, मग पुसते," असं म्हणून सायलीने माझ्यापुढे दोन तिरक्या रेघा मारल्या, म्हणजे मशीन ती ओळ वाचतच नाही. आमच्यात याला गप्प बसवणं म्हणतात. माणसं दोष शोधण्याआधी गप्प बसवतात, ही त्यांची जुनी सवय.

दुसऱ्या दिवशी सायली दहाला आली, तर काका बंद शटरपुढे बसलेले.

"लय हाका मारल्या, बाई. म्हटलं, इथं कोणी राहत नाय का काय."

"काका, कधी आलात?"

"साडेआठला. पहिली एसटी धरली ना."

"अहो, तेव्हा आम्ही आलोच नव्हतो. हाका ऐकणार कोण?"

बोलता बोलता ती थबकली. तशीच आत गेली, माझ्यापुढच्या रेघा पुसल्या आणि कारभाऱ्याची हाक पहिल्या ओळीवरून खाली नेली, सगळ्या चौकटी मांडून झाल्यानंतर. चौकट मांडल्याशिवाय मी पानावर येतच नाही ना.

पान उघडलं. पिवळी चौकट उजळली. काकांचं बोट थेट तिच्यावर गेलं.

"हां, हे दिसतंय," ते म्हणाले. फॉर्म भरून झाल्यावर पिशवीतून वही काढून त्यांनी तेच सगळं पुन्हा लिहिलं. "असू दे. तुमच्या मशीनला विसर पडला तर?"

मला राग आला नाही. माझाही माझ्यावर तेवढाच भरवसा आहे.

तुम्हीही मला खुशाल हाक मारा. फक्त ओ आली नाही, तर पुसण्याआधी बघा, मी आलोय का.